पाचव्या घरचं कापड

१

सन एकोणीसशे चौतीस, फेब्रुवारीची दहा तारीख, शनिवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं.

वेळ मी अंदाजानं सांगत नाही. माझ्याजवळ वही आहे. माझी लेक केरा जन्मल्यापासून तिनं दूध कधी घेतलं, निजली कधी, उठली कधी, अंग कढत लागलं तर किती वेळ, हे सगळं मी घड्याळ बघून लिहून ठेवते. घड्याळ आमच्या ह्यांनी गिरणीची पाळी चुकू नये म्हणून आणलेलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या वहीवरून मला सारख्या बोलायच्या. "पोर हाय का आगीनगाडी? टायमाला आली न्हाय तर दंड करतीस व्हय?"

मी मोहोळच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. पण वही शिक्षणामुळं नव्हती. केराच्या आधी माझी दोन मुलं गेली. पहिला एकवीस दिवसांचा, दुसरा चार महिन्यांचा. दोघंही निजेत गेले. ताप नाही, आकडी नाही. पहाटे हात लावला तर गार. एकदा जरी रडले असते तरी मी उठले असते. तेव्हापासून लेकराच्या रडण्याची मला कधी कटकट झाली नाही. रडतंय म्हणजे आहे, एवढं मला कळत होतं.

तिसरी झाली तेव्हा आत्यांनी तिला उकिरड्यावर केरात लोळवलं आणि नाव केरा ठेवलं, म्हणजे कुणाची नजर जायला नको. त्या शनिवारी केरा पाच महिन्यांची होती. आतल्या खोलीत झोळीत निजली होती. आत्या सासऱ्यांना भाकरी द्यायला माळावर गेल्या होत्या, आणि मी माळवदावर तुरी वाळत घालत होते. आमची वस्ती विजापूर रस्त्याला, सोलापुरापासून दोन मैलांवर. दहा-बारा घरं, आणि पुढं सगळा माळ.

मोहोळच्या अंगानं घरघर ऐकू आली. विमान मी त्याआधी दोनदा पाहिलं होतं, घारीएवढं, लांब वर. हे खालून येत होतं. एकावर एक असे दोन पंख, रुपेरी रंग. ते आमच्या वस्तीवरून इतकं खालून गेलं की मी डोक्यावरचा पदर धरला.

आणि त्याच्या तोंडाशी जो लाकडी पंखा असतो तो मी पाहिला. तो उभा होता. एक टोक वर, एक टोक खाली, हलत नव्हता. लाकडाचा तपकिरी रंग मला दिसला, कडेला ठोकलेली पितळेची पट्टीसुद्धा दिसली.

घरघर मात्र चालू होती. माळावर चाकं टेकेपर्यंत चालू होती, आणि मग एकदम थांबली.

मी आधी खाली उतरून केराला बघितलं. छाती वर-खाली होत होती. तिला खांद्यावर घेतलं आणि माळाकडं निघाले.

२

सासऱ्यांची मेंढरं चहूकडं पांगली होती. विमान एका बाभळीला घासून पुढं तिरकं उभं होतं. खालचा डावा पंख फाटून त्याचं कापड लुगड्याच्या पदरासारखं लोंबत होतं. तोवर मला वाटायचं विमान पत्र्याचं असतं.

चालवणारा एकटाच होता. पंचविशीतला, मुंबईकडचा, बोलणं शहरी. डोक्याची चामड्याची टोपी काढून मांडीवर ठेवून तो दगडावर बसला होता. सासऱ्यांनी, ज्ञानबांनी, त्याच्या हातात ताकाचा तांब्या दिला.

"पाव्हणं, एवढं मोटं आभाळ सोडून माज्या मेंढरांतच उतरायचं व्हय?"

"इंजिन बंद पडलं, आजोबा."

"कुटं पडलं?"

"मोहोळ मागं टाकलं आणि पडलं."

सासरे हसले. मोहोळ तिथून वीस मैल. त्यांना वाटलं, शहरातला माणूस, त्याला कुठलं गाव कुठं काय ठाऊक. ते मेंढरं गोळा करायला गेले. बाकीचे विमानाला हात लावून बघत होते. मी केराला घेऊन जवळच उभी होते. मला राहवलं नाही.

"बंद पडलं कसं म्हणता? आवाज तर येत होता. इथं टेकेपर्यंत."

त्यानं तांब्या खाली ठेवला.

"तुम्हालाही आला?" तो म्हणाला.

"सगळ्यांनाच आला की."

"मला वाटलं, माझ्या कानांतच राहिलाय." तो हळू बोलू लागला. "पंखा माझ्या डोळ्यांसमोर थांबला. त्यानंतर फार तर पाच-सहा मैल तरंगत येता आलं असतं. खाली येत होतो, पण यायला पाहिजे तसा येत नव्हतो. आणि आवाज चालूच."

"मग आवाज कशाचा होता?"

"तो माझ्या पाठीमागून येत होता, बाई. मी वळून बघितलं नाही."

एवढ्यात आत्या आल्या. आमच्याकडं रीत आहे. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिनं आपल्या लेकराला घरचं कापड घालायचं नाही, पाच घरचं मागून आणायचं आणि त्याचं झबलं शिवायचं. चार घरचं मिळालं होतं. पाचव्यासाठी आत्या अडून बसल्या होत्या. ज्याच्या अंगावरून मरण गेलं अशा माणसाच्या अंगावरचं कापड सगळ्यात चांगलं, असं त्यांचं मत. आणि असा माणूस तर समोर दगडावर बसून ताक पीत होता.

"बाबा, अंगावरचं कायतरी फाडून दे. नातीला पायजे," आत्या म्हणाल्या.

"माझ्या अंगावर चामडं आहे, आजी."

"चामडं न्हाय चालत. कापड दे. तुला ज्येनं वाचवलं त्येचं दे."

तो लोंबणाऱ्या कापडाकडं बघायला लागला. मग केराकडं, मग माझ्याकडं. आता कळतं, मी नको म्हणावं म्हणून तो थांबला होता. जे त्यानं मला सांगितलं ते तिथं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. पण आत्या दोन महिने दारोदार फिरल्या होत्या. मी खाली मान घातली.

त्यानं चाकूनं हातभर पट्टी कापली. ती बघून आणखी बायका पुढं झाल्या. शेजारच्या अंबुबाईची लेक मायाक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, दीड महिन्याचा मुलगा कडेवर. ती म्हणाली, मला पण. मेंढरांबरोबर फिरणारी रंभाबाई म्हणाली, मला पण. रस्त्यानं चाललेली एक बैलगाडी थांबली होती, तीत टेंभुर्णीकडची एक बाई पोटुशी लेक घेऊन बसली होती. आणि एक जळणाची मोळी डोक्यावर घेतलेली, तिला आमच्यात कुणीच ओळखत नव्हतं. पट्टीचे पाच तुकडे झाले.

३

ते कापड ताठ होतं, खळ दिल्यासारखं, आणि त्याला फार पिकलेल्या केळ्याचा वास येत होता. आत्यांनी ते दोनदा सोड्यात उकळलं. वास थोडा गेला, ताठपणा गेला नाही. म्हणून चार घरच्या मऊ कापडांचं झबलं शिवलं आणि हा तुकडा पुढं छातीवर लावला. रविवारी दुपारी केराच्या अंगात घातलं. बोटानं टिचकी मारली की तुकडा टप् वाजायचा. केरा हसली. आत्यांनी तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या.

संध्याकाळी मी ह्यांना उभ्या पंख्याचं सांगितलं. ह्यांचं नाव महिपती, गिरणीत यंत्रांमध्येच असतात, त्यामुळं ते हसले नाहीत. नीट ऐकून म्हणाले, "अगं, आवाज मागनं येतो. परीट दगडावर धुणं आपटतो ते लांबनं बग. धुणं आदी आपटतं, आवाज मागनं येतो. पंखा थांबला आसंल आनि आवाज वाटेत आसंल."

"वीस मैल वाटेत?"

"मोहोळ म्हनला त्यो. त्येला काय म्हाईत मोहोळ कुटं हाय ते."

मला ते पटलं. खरं म्हणजे मी ते पटवून घेतलं.

मंगळवारी आगगाडीनं मुंबईचा फिटर आला. त्यानं दोन तास इंजिन उघडून बघितलं. पाळी संपवून हेही माळावर गेले होते. विमान काही उडण्याजोगं नव्हतं. पंख सोडवून चार बैलगाड्यांवर घातले आणि सगळं स्टेशनावर नेलं. हे घरी आले, पाय धुतले, आणि जेवताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "आतला दांडा तुटून दोन तुकडं झाल्यात. फिटर म्हनला, तुटल्यावर ह्ये अर्धा फेरापन फिरायचं न्हाय. कुटं तुटला म्हनून इचारलं. वैमानिकानं नकाशावर बोट ठेवलं. मोहोळच."

मी विचारलं, मग?

"मग काय. कालवन वाढ," ते म्हणाले.

४

पहिली गोष्ट वहीत आहे. बुधवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. झोळीची दोरी तुळईला घासते आणि झोका दिला की करकर वाजते. केरा निजली म्हणून मी हातानं झोळी थांबवली. झोळी थांबली. करकर थांबली नाही. मी झोळी धरून उभी होते आणि वर करकर चालू होती, तेवढ्याच अंतरानं, चार वेळा, पाच वेळा. मी तुळईकडं बघितलं. दोरी सरळ लोंबत होती.

शेजारी अंबुबाईकडं पण झोळी होती. भिंत मातीची, आवाज येऊ शकतो. मी तसं वहीत लिहिलं. वही वाचून हे म्हणाले, "थोडी नीज घेत जा, कस्तुरा. डोळे बग कसे झाल्यात."

दुसरी गोष्ट शुक्रवारची. केरा अंगावर पीत होती आणि मला तिचं हुंकारणं ऐकू येत होतं, पोट भरल्यावर ती करते तसं, लांब, लाडात आलेलं. आत्या कौतुकानं म्हणाल्या, "पितापिता बोलतंय की माजं पाखरू."

मी वाकून बघितलं. ओठ गच्च लागलेले, घसा गिळत होता. दूध गिळणारं तोंड हुंकारत नाही. तो आवाज माझ्या अंगाला कुठं लागत होता ते मला कळत होतं, पण ते मी त्या दिवशी वहीत लिहिलं नाही. नाकातून येत असेल, असं हे म्हणाले. सर्दी होती तिला थोडी.

आणि एक गोष्ट लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. त्या आठवड्यात घरात केराचा आवाज सारखा असायचा. जागी असली तरी, निजली तरी. कधी हुं, कधी खुदकन्, कधी नुसतं कुरकुरणं. पाच महिने मी रात्रीतून दहादा उठून तिच्या नाकाशी बोट धरत होते. त्या आठवड्यात मी उठले नाही. आवाज येत होता ना. चार वर्षांत पहिल्यांदा मी गाढ झोपले. आत्या म्हणाल्या, सुनेच्या तोंडावर तजेला आला, कापड लागू पडलं.

५

एकवीस तारीख, बुधवार. मी चुलीपुढं भाकरी करत होते. आत्या उंबऱ्यात बसून तुरी निवडत होत्या. आतल्या खोलीत केरा रडायला लागली.

मी उठायला लागले तशा आत्या म्हणाल्या, "बस की. तव्यावरची जळंल. रडल्यानं छाती मोटी हुती."

मी बसले. तव्यावरची उलटली, निखाऱ्याला लावली, फुगली. दुसरा उंडा घेतला आणि थापायला लागले. केरा रडत होती. आवाज चांगला खणखणीत होता. ऐकून मला बरंच वाटत होतं, तेही खरं.

ज्या बायका लेकरू निजवून भाकरी करतात त्यांना हे माहीत आहे. लेकरू रडत असलं की हात आपोआप त्याच्या रडण्यावर चालतो. ते रडतं तसा हात थापतो, ते दम घ्यायला थांबलं की हात क्षणभर परातीवर तसाच राहतो. आपण ठरवून करत नाही. सगळ्या लेकरांत मला तसंच झालं.

दुसरी भाकरी तव्यावर टाकताना माझ्या लक्षात आलं की ती थापताना माझा हात एकदाही थांबला नव्हता.

मी ऐकलं. नीट कान देऊन ऐकलं. केरा रडत होती, मोठ्यानं, सलग. मध्ये खंड नव्हता. दम घेतल्याचा आवाज नव्हता.

"आत्या," मी म्हणाले, "ही दम का घेत नाही?"

"काय?"

मी पिठाच्या हातांनी तशीच आत गेले.

खोलीत दार आणि वरचं उजेडाचं भोक एवढाच उजेड. भोकातला उजेड खाली झोळीवर पडला होता. झोळी स्तब्ध होती. रडणारं लेकरू पाय झाडतं, झोळी हलते. ही हलत नव्हती. रडणं सगळ्या खोलीत भरलं होतं, भांड्यांच्या उतरंडीवरची झाकणी त्यानं बारीक वाजत होती.

मी झोळीच्या दोन्ही कडा बाजूला केल्या.

केराचं तोंड मिटलेलं होतं. ओठ जांभळे. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत बघणं नव्हतं. हात दुपट्यावर मोकळे पडलेले. ती निजली होती असंच कुणी म्हटलं असतं. आणि रडणं येत होतं. तिचंच रडणं. शेवटी जरा चिरकतं, मी झोपेतसुद्धा ओळखीन, ते.

मी तिच्या तोंडाला कान लावला. तिथं काही नव्हतं. श्वास नाही, ऊब नाही. कान खाली नेला तेव्हा आवाज वाढला. मी छातीवर हात ठेवला. तो तुकडा हलगीच्या कातड्यासारखा थरथरत होता. त्याच्या खालची छाती थरथरत नव्हती.

पाठीमागच्या बंदाची गाठ घामानं घट्ट झालेली. सुटेना. दातांनी तोडली. झबलं उपसून जमिनीवर फेकलं, केराला उलटं धरलं, पाठीवर मारलं, तळव्यांवर मारलं, तोंडावर फुंकर घातली. किती वेळ, ते वहीत नाही. मग तिनं एक हुंदका ओढला, आत खोल, आणि रडली.

तेव्हा खोलीत दोन रडणी होती.

एक माझ्या हातात. एक खाली, झबल्याजवळ. दोन्ही तिचीच. माझ्या हातातलं थांबत होतं, दम घेत होतं, पुन्हा रडत होतं. खालचं थांबत नव्हतं. आत्या दारात उभ्या होत्या. तुरीचं सूप त्यांच्या हातात तिरकं झालं होतं आणि तुरी सांडत होत्या. त्यांनी दोन्ही ऐकली. आज विचारलं तर त्या मान फिरवतात, पण ऐकली.

मग खालचं हळूहळू हसण्यात गेलं. केरा माझ्या हातात रडत होती आणि जमिनीवर केरा हसत होती. आत्यांनी पुढं होऊन झबल्यावर परात उपडी घातली. परातीखाली ते थोडा वेळ ऐकू येत राहिलं.

६

अंगणात जाळलं. इतर कापडं कापडासारखी जळली. तो तुकडा भस्सकन् एकदाच पेटला, कडब्याच्या गंजीसारखा, आणि उरलं काहीच नाही. आत्या भिंतीला टेकून म्हणत होत्या, "म्या मागून आणलं. माज्या हातानं मागून आणलं." त्यांना काय सांगायचं. विमानवाल्यानं सांगितलेलं सगळं मला माहीत होतं आणि मी खाली मान घातली होती.

हे पाळीवरून आले. मी सांगितलं, आत्यांनी नाही म्हटलं नाही. मला वाटलं आता धुण्याचं किंवा सर्दीचं काहीतरी सांगतील. ते केराला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी एकच विचारलं.

"बाकीचे तुकडं कुनी नेलं?"

मायाक्का दोन दिवसांमागं मुलाला घेऊन सासरी दुधनीला गेली होती. रंभाबाईचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, माळावरून उठला होता, मोहोळकडं गेला एवढंच कळलं. टेंभुर्णीच्या बाईचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. मोळीवालीचं तर काहीच नाही.

मी त्याच दिवशी मायाक्काला कार्ड लिहिलं. कारण लिहिलं नाही, कोण विश्वास ठेवणार. एवढंच लिहिलं की ते कापड मुलाच्या अंगावरून काढ, ताबडतोब काढ, अंगावर दुखणं येतं.

७

रविवारी मायाक्काचा दीर धोंडप्पा शेंगांची पोती घेऊन सोलापूरच्या बाजारात आला आणि अंबुबाईकडं जेवायला थांबला. मी केराला घेऊन तशीच गेले. हे माझ्या मागं आले.

"कार्ड मिळालं का?" मी विचारलं.

"आलंय की यक्का. पर आमच्या घरात कानडी वाचणारी. मास्तर म्हणाले सवडीनं वाचून सांगतो."

"मायाक्का कशी आहे? मुलगा?"

"हौदु, हौदु, बरी हाय." तो भाकरी मोडत खुशीत सांगायला लागला. "आलं तवा लई पिडायचं पोरगं. सारी रात जागवायचं. आता येकदम गुणी. किरकिर न्हाय, दूद मागणं न्हाय. निजल्या निजल्या खुदूखुदू हसतंय. आमी बाहिर वसरीवर बसतो तितं ऐकू येतंय. आई म्हणती सटवाई हसवती, लेकराला हात लावू नगा."

सटवाई निजलेल्या लेकराला हसवते, आणि ती हसवत असताना लेकराला उठवायचं नाही, हे आमच्यातही आहे. कुठलीही म्हातारी हेच सांगेल.

अंबुबाईनं त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली. "बग कस्तुरा. तुज्या सासूमुळं माज्या लेकीला निवांत नीज लागली."

"दूध कधीपासून मागत नाही?" मी धोंडप्पाला विचारलं.

त्यानं बोटांवर दिवस मोजले. "शुक्रवार धरनं आसंल."

"तुम्ही त्याला उचलून घेतलंत का? अंगाला हात लावलात?"

"आमी गडीमाणसं, यक्का. आमी कशाला हात लावतो. आवाज ऐकतो की रोज."

मला अंबुबाईकडं बघवेना. ह्यांनी धोंडप्पाला हात धुऊ दिले नाहीत. दुपारच्या गाडीनं त्याला घेऊन दुधनीला गेले.

हे सोमवारी सकाळी दहाला परत आले. मी दारातच होते. त्यांनी पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. सरळ आत गेले, केराजवळ जमिनीवर बसले आणि तिच्या छातीवर तळहात ठेवला. तसेच बसून राहिले. गिरणीला गेले नाहीत.

दुपारी मी विचारलं, "ऐकू येत होतं?"

"गल्लीत वळलो तवाधरनं," ते म्हणाले.

"आणि मायाक्का?"

"मला म्हनली, हळू बोला भाऊजी, निजलंय."

शेजारी अंबुबाईला निरोप आला तेव्हा मी आमचं दार लावून घेतलं.

राहिले तीन तुकडे. एक रंभाबाईचा, तो वाड्याबरोबर फिरत असेल, मोहोळच्या पुढं, कदाचित भीमेच्या काठाला. एक टेंभुर्णीच्या बाजूला. त्या लेकीचं बाळंतपण आता झालं असेल. तिसरा जळणाच्या मोळीत खोवून एक बाई घेऊन गेली, सावळी, कपाळावर गोंदण, कुठली ते ठाऊक नाही. हे सुटीच्या दिवशी पायी फिरून विचारतात. अजून पत्ता नाही.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझी विनंती आहे. तुमच्या गावात, बाजारात, विहिरीवर विचारा. कुणाच्या लेकराच्या झबल्याला, कुंचीला किंवा वाकळेला रुपेरी रंगाचं, ताठ, पिकल्या केळ्याच्या वासाचं कापड लावलेलं असेल, तर त्या बाईला एवढा निरोप द्या. ती वाचणारी नसेल, म्हणून तोंडी द्या. लेकराचा आवाज येतोय म्हणून हातातलं काम पुरं करत बसू नको. उठ, आत जा, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बघ.